माग दुसऱ्याचा, धागा आपला

७ जून २०२१. मुळशी तालुक्यातील उरवडे येथे एका रासायनिक कारखान्याला दुपारी आग लागली आणि १७ कामगार आतच जळून गेले. त्यांत बहुतेक बाया होत्या. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती, पण संपली नव्हती. कारखान्यात पाणी शुद्ध करण्याची रसायने बनत होती. असे काम घरी नेता येत नाही. ते हातानेच आणि कारखान्यातच करावे लागते, म्हणून त्या बाया कामावर गेल्या होत्या. त्याच दिवशी, त्याच मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानातल्या काचेच्या इमारती बऱ्याच अंशी ओस होत्या. तिथले अभियंते आपापल्या घरी बसून काम करत होते.

हिंजवडी आणि माण ही गावे मुळशी तालुक्यातच मोडतात, हे पुण्यातल्या अनेकांना ठाऊकही नसते. उरवड्याहून पिरंगुट, घोटवडे फाटा करत गेले की हिंजवडी फार दूर नाही. पण त्या दिवशी या दोन ठिकाणांतले खरे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नव्हते. एकीकडचे काम तारेवरून जाऊ शकत होते, दुसरीकडचे जाऊ शकत नव्हते. ज्यांचे काम तारेवरून जाते त्यांना साथीच्या काळात घराचे छप्पर मिळते आणि ज्यांचे जात नाही त्यांना कारखान्याचे फाटक. आज आम्हाला या तारेवरच्या कामाबद्दलच बोलायचे आहे, कारण त्याची एक नवी तऱ्हा आता इतकी स्वस्त आणि सोपी झाली आहे की चळवळीने तिच्याकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही. आणि ती डोळे मिटून जवळ करणेही परवडणारे नाही.

ही तऱ्हा काय आहे ते आधी समजून घेऊ. संगणकाला काम सांगणारी जी आज्ञावली, तिला सगळे जण कोड म्हणतात. पूर्वी कोड लिहायचा तर स्वतःचा बरा संगणक लागे. त्यावर भाषा बसवा, साधने बसवा, त्यांची आवृत्ती जुळवा, यातच नवख्या विद्यार्थ्याचे पंधरा दिवस जात आणि निम्मी पोरे तिथेच दम तोडत. आता तसे राहिलेले नाही. ज्या ब्राउझरमध्ये आपण बातम्या वाचतो, रेल्वेचे तिकीट काढतो, त्याच ब्राउझरमध्ये एक पान उघडते. डाव्या हाताला फायलींची यादी, मध्ये कोड लिहायची जागा, खाली आज्ञा देण्याची काळी पट्टी. कोड साठवला जातो आणि चालतो तो मात्र दूरच्या एका मोठ्या संगणकावर. आपल्या पुढ्यातले यंत्र फक्त दाखवण्याचे आणि टंकण्याचे काम करते. त्यामुळे कोणीतरी टाकून दिलेला, चार जीबी मेमरीचा जुना लॅपटॉपही पुरतो. फोनला केबलने कीबोर्ड जोडूनसुद्धा काम निभावते, जरी डोळ्यांना आणि मानेला ते जड जात असले तरी.

या दूरच्या संगणकाला 'क्लाउड' म्हणजे ढग म्हणतात. नाव काव्यमय आहे, वस्तू काव्यमय नाही. ढग म्हणजे जमिनीवर उभी असलेली, वीज पिणारी आणि रात्रंदिवस थंड ठेवावी लागणारी इमारत. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे मध्य भारत केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे. म्हणजे आपल्या पोरांना जो आभाळातला वाटतो, तो संगणक कदाचित शेजारच्या रस्त्यावरही असू शकतो.

आता समजा, उरवड्यातल्या एखाद्या पॅकिंग कामगार बाईची मुलगी बारावी झाली आहे. तिला कोड शिकायचा आहे. लॅपटॉपला जो पैसा लागेल तो आईच्या काही महिन्यांच्या मजुरीएवढा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत देशातील ग्रामीण भागातल्या अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक आढळला, शहरी भागात २३.४ टक्के घरांत. ही सगळ्या जातींची मिळून सरासरी आहे. वस्तीतल्या घरात काय असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. या मुलीसाठी ब्राउझरमधला संगणक म्हणजे पहिले अडलेले दार किलकिले होणे आहे. अमेरिकेतल्या गिटहब या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपली 'कोडस्पेसेस' ही सोय वैयक्तिक खातेदारांना खुली केली, तेव्हा लहान यंत्रावर महिन्याला ६० तास फुकट ठेवले. ६० तास म्हणजे रोजचे दोन तास. दिवसाला दोन तास नियमाने बसणारी पोर वर्षभरात कुठल्या कुठे जाऊ शकते.

ही कल्पना काही सुखवस्तू डोक्यांतूनच निघालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. अशीच सोय देणाऱ्या रेप्लिट कंपनीचा संस्थापक अमजद मसाद जॉर्डनमधील अम्मान शहरात पॅलेस्टिनी वंशाच्या घरात वाढला. शिकताना स्वतःचा लॅपटॉप नसल्याने दर वेळी दुसऱ्याच्या संगणकावर सगळी साधने पुन्हा बसवण्याचा त्याला वैताग आला आणि त्यातून ब्राउझरमध्येच कोड चालवण्याचा ध्यास त्याने घेतला. अभावातून निघालेले हे अवजार अभावग्रस्तांच्या कामी यावे, यात नवल नाही.

पण अवजार आणि जात यांचे नाते आमच्या समाजाला चांगले माहीत आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण ते कमी मजुरीच्या खात्यांत. जास्त मजुरीचे विणकाम खाते, म्हणजे गिरणगावच्या भाषेत साचाखाते, त्यांना बंद होते. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. कामगार सगळे एक, अशी घोषणा देणाऱ्यांना साचाखात्याच्या दारात एकी का थांबते, हे सांगता आले नाही. गंमत पाहा, त्याच सुमारास मुळशीच्या पाण्यावर भिरा येथे टाटांची वीज तयार होऊ लागली होती आणि ती मुंबईला जात होती. त्या धरणात गावे बुडू नयेत म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह झाला, तरी धरण झालेच. पाणी मुळशीचे, वीज मुंबईची आणि चांगल्या मजुरीचा माग मात्र आमच्यासाठी बंद. उत्पादनाची साधने कोणाच्या दारात उभी आहेत यावर लाभ ठरत नाही. त्यांना हात लावण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्यांचा मालक कोण, यावर तो ठरतो.

आज कोड हे नवे साचाखाते आहे. फरक इतकाच की या धोट्याला तोंड लावावे लागत नाही. ब्राउझरच्या पलीकडे बसलेल्या यंत्राला टंकणाऱ्याची जात कळत नाही. म्हणून काही उत्साही मंडळी म्हणतात की तंत्रज्ञानाने जात संपवली. आमचे त्यांना सांगणे आहे, जरा थांबा. यंत्राला जात कळत नसेल, पण यंत्राच्या पाठीमागे मुलाखत घेणारा माणूस बसला आहे. त्याला आडनाव कळते, गाव कळते, इंग्रजीचा बाज कळतो. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, ओळखीपाळखीने भरती चालते आणि 'आमच्यात मिसळेल का' या गोड प्रश्नाखाली जुनेच सोवळे जपले जाते. २०२० च्या जून अखेरीस अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को या बड्या कंपनीवर दावा लावला. एका दलित अभियंत्याला वरच्या जातीच्या भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा त्यात आरोप होता. २०२३ मध्ये दोघा वरिष्ठांवरील दावा यंत्रणेनेच मागे घेतला आणि कंपनीने आरोप फेटाळले, हेही नमूद केले पाहिजे. तरी सातासमुद्रापार, संगणकाच्या राजधानीत, जातीचा प्रश्न न्यायालयाच्या दारात उभा राहिला, ही गोष्ट छोटी नाही. त्याच २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीय भेदभावाला कायद्याने बंदी घातली. तारेवरून काम जाते तशी जातही जाते.

दुसरी धोक्याची बाजू मालकीची आहे आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची. ब्राउझरमधला हा संगणक आपला नाही. तो भाड्याचा आहे. कधी भाडे पैशात द्यायचे, कधी माहितीत, कधी सवयीत. क्लाउड९ नावाची अशीच एक सोय २०१० मध्ये सुरू झाली. ॲमेझॉनने २०१६ मध्ये ती विकत घेतली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या ग्राहकांसाठी तिचे दार बंद केले. ग्लिच नावाची दुसरी सोय नवशिक्यांमध्ये लोकप्रिय होती. जुलै २०२५ मध्ये तिने लोकांची कामे चालवून दाखवणे थांबवले. कोडस्पेसेसमध्येही नियम असा की काही वेळ हात हलला नाही तर यंत्र थांबते आणि ठरावीक मुदतीत, आपण बदलली नाही तर ३० दिवसांत, न वापरलेली जागा पुसली जाते. परीक्षा, आजारपण, गावची जत्रा आणि रिचार्ज संपणे, यांत ३० दिवस कसे जातात ते आमच्या पोरांना विचारा. वेगळ्या सुरक्षित साठ्यात कोड ढकलून ठेवला नसेल तर महिनाभराची मेहनत गेली. खाते बंद झाले तर दाद मागायची कुठे? परदेशातल्या कंपनीच्या दारात?

महारवतनाची गोष्ट या समाजाला नव्याने सांगायला नको. जमिनीचा तुकडा हाती होता, पण त्याच्या बदल्यात अहोरात्र सेवा होती आणि तो राहील की जाईल हे वरच्याच्या मर्जीवर होते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या बंधनातून सुटण्यासाठी. पुढे वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला. आजच्या भाड्याच्या संगणकाला वतन म्हणणे अतिशयोक्ती होईल. इथे कोणी कोणाला राबवून घेण्यासाठी जन्माने बांधलेले नाही. पण फुकट मिळालेल्या साधनाच्या पोटात मालकाची अट दडलेली असते, हा धडा तोच आहे. नोकरीत तर ही अट उघडच दिसते. अनेक कंपन्या आता कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर कोड ठेवूच देत नाहीत. सगळे दूरच्या यंत्रावर, दरवाजाची किल्ली कंपनीकडे, कोण कधी आला आणि काय केले याची नोंदही तिच्याकडे. काढून टाकायचे ठरले की एका क्षणात खाते बंद. फाटकावर उभे राहून घोषणा द्यायला फाटकच उरत नाही. अशा कामगारांची संघटना कशी बांधायची, हा प्रश्न डाव्यांनी आणि आपण, दोघांनीही अजून नीट हाती घेतलेला नाही.

मग करायचे काय? हे अवजार नाकारायचे? मुळीच नाही. इंग्रजी शिक्षण नाकारले असते तर आज आपण कुठे असतो? वापरायचे, पण कुळ म्हणून कायम राहायचे नाही. यासाठी आम्हाला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, शिकणाऱ्यांसाठी. दूरच्या यंत्रावर लिहिलेला कोड दररोज 'गिट' या मुक्त साधनाने वेगळ्या साठ्यात जपावा आणि आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. पावसाळ्यात मुळशीसारख्या भागात वीज आणि नेट दोन्ही रुसतात. तेव्हा हातात स्वतःची प्रत असणारा विद्यार्थीच तगतो. खात्याचा पासवर्ड भावाकडे, मित्राकडे देऊ नये. मुलींनी तर नाहीच.

दुसरी गोष्ट, संस्थांसाठी. ब्राउझरमध्ये कोड लिहिण्याची ही सगळी सोय आपल्या स्वतःच्या यंत्रावरही उभी करता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे. ज्युपिटरहब, कोड-सर्व्हर अशी मुक्त सॉफ्टवेअर आहेत. त्यांचा परवाना विकत घ्यावा लागत नाही. एक बऱ्यापैकी ताकदीचा संगणक एका खोलीत ठेवला, त्याला बॅटरीची जोड दिली आणि खोलीत वायफाय बसवले, की वीस-पंचवीस जुने लॅपटॉप त्याला जोडून पोरे कोड लिहू शकतात. बाहेरचे नेट गेले तरी खोलीतले काम चालू राहते. माग आपला, धागाही आपला. हे स्वप्नरंजन नाही. बेंगळुरूच्या सुदर्शन लेआउट वस्तीत मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या मुलांबरोबर संगणक केंद्र उभे केले आणि त्याला आंबेडकर कम्युनिटी कॉम्प्युटिंग सेंटर असे नाव दिले. ते बेंगळुरूत होऊ शकते तर पुण्यात का नाही? पुण्यात तर बार्टीचे मुख्यालय आहे, समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत, गावोगाव बुद्ध विहारे आहेत. १४ एप्रिलच्या डीजेच्या एका रात्रीचा खर्च वाचवला तर विहारात असे एक यंत्र बसू शकते, असे म्हटले तर काहींना राग येईल. यावा. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी, हे आठवून राग गिळावा.

वसतिगृहात संगणक कक्ष हवा, ही मागणी जुनी आहे. आता तिच्यात भर घालायला हवी. कक्ष नुसता वापरण्यासाठी नको, घडवण्यासाठी हवा. २००१ पासून एमएस-सीआयटीने राज्यातल्या लाखो पोरांना संगणक हाताळायला शिकवले आणि त्याचा उपयोगही झाला. पण हाताळणे वेगळे आणि घडवणे वेगळे. टंकलेखन येणाऱ्याला कारकुनी मिळते. मसुदा लिहिणाऱ्याच्या हातात नियम असतो. मसुदा लिहिणाऱ्या खुर्चीचे मोल या समाजाला कोणी शिकवायला नको.

तिसरी गोष्ट याच खुर्चीची आहे. कोड म्हणजे नोकरीचे साधन एवढेच आपण समजतो. पण आज शिष्यवृत्तीचा अर्ज संकेतस्थळावर भरावा लागतो, रेशन यंत्रावर अंगठा लावून मिळते, मजुरी खात्यात येते ती एखाद्या प्रणालीतून. अर्जातला कोणता रकाना सक्तीचा, कोणता दाखला नसेल तर अर्ज पुढेच सरकू द्यायचा नाही, अंगठा जुळला नाही तर दुसरी वाट ठेवायची की नाही, हे शासन निर्णयात जेवढे ठरते तेवढेच कोडच्या ओळीतही ठरते. शासन निर्णयाविरुद्ध मोर्चा काढता येतो. कोडची ओळ कोणाला दिसतच नाही. ज्याने जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घातले आहेत तो कोड लिहील, तर ती ओळ वेगळी लिहील. उरवड्याच्या कारखान्यात किती माणसे कोणत्या पाळीला आत आहेत, बाहेर पडण्याच्या वाटा किती, तपासणी शेवटची कधी झाली, याची लोकांना दिसणारी नोंद ठेवणारी प्रणाली उद्या कोणी लिहायची ठरवली, तर ती लिहायला त्या बायांच्या मुलीपेक्षा लायक कोण?

आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. संगणक क्षेत्रात सुगी राहिलेली नाही. टीसीएससारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. नवशिक्याला पूर्वी जी साधी कामे दिली जात, ती आता कृत्रिम बुद्धिमत्ता ब्राउझरच्या त्याच पानावर करून टाकते. म्हणून सहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या क्लासवाल्यांपासून पालकांनी सावध राहावे. कर्ज काढून फी भरू नये. यंत्राने लिहिलेला कोड तपासता येणे, तो चुकला कुठे हे सांगता येणे, यासाठी पाया पक्का लागतो आणि तो सावकाश, रोजच्या दोन तासांतूनच तयार होतो.

आणखी एक सांगून थांबतो. उरवड्याच्या मुलीने कोड शिकून हिंजवडीला जावे, ही आमची इच्छा आहेच. पण तेवढ्याने उरवड्याचा प्रश्न सुटत नाही. ती गेली तरी तिच्या आईच्या जागी दुसरी बाई त्या फाटकातून आत जाणार आहे. खाउजा धोरणाने आम्हाला शिकवले की एकेकट्याने निसटा, मागचे मागे राहू द्या. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले होते की जात नुसती कामे वाटून देत नाही, ती काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडते. संगणकावर बसणारा मुलगा आणि रसायने भरणारी आई यांच्यात तशीच नवी भिंत उभी राहत असेल, तर ती पाडण्याचे काम चळवळीचे आहे. १७ जीव ज्या फाटकाआड गेले त्या फाटकाला बाहेरची वाट आहे की नाही हे विचारणारी संघटना आणि विहारातल्या खोलीत स्वतःचे यंत्र चालवणारी पोरे, ही दोन वेगळी कामे समजू नका.

येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत आपल्या तालुक्यातल्या एका तरी विहारात असे एक यंत्र बसावे, एवढा संकल्प वाचकांनी करावा. जुना लॅपटॉप कपाटात पडला असेल तर तो आजच बाहेर काढा.

जयभीम!